विषय क्रमांक दोन कुठाय?

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर खाली कोपऱ्यात एक बातमी होती, एका नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेची, अर्ध्या तासात ३८ विषय मंजूर अशी. बातमी वाचून लोकांनी व्हॉट्सअॅपवर जे काय लिहिलं ते मी सगळं वाचलं, हे काय चाललंय, चर्चा नाही काही नाही, नुसतं मंजूर मंजूर, लोकशाहीची थट्टा वगैरे. मला त्यात एवढं रागवण्यासारखं काही दिसलं नाही खरं सांगायचं तर. मी एका नगरपरिषदेत कारकून होते, २०२३ ला रिटायर झाले, आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं सभेचं टेबल माझ्याकडं होतं. म्हणजे अजेंडा काढायचा, नोटिसा पोचवायच्या, सभेत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून टिपणं घ्यायची आणि मग प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, लिहायचं. नगरपरिषदेचं नाव सांगत नाही, सांगून उपयोग पण नाही, कारण जे लिहिणार आहे ते कमीजास्त फरकानं सगळीकडं सारखंच आहे, तुमच्या बातमीदारांना विचारा हवं तर.

३८ विषय अर्ध्या तासात होतात कारण त्यातले पंचवीस-तीस विषय तसेच असतात. मागच्या महिन्याचा जमाखर्च वाचून मंजूर करणे, अमुक कर्मचाऱ्याची रजा, तमुक टेंडरला मुदतवाढ, पाण्याच्या मोटारीच्या दुरुस्तीला कार्योत्तर मंजुरी. आता मोटार जळाली तेव्हा सभा बोलवत बसणार का, आधी दुरुस्त केली आणि मग मंजुरी घेतली, त्यात कुणी अर्धा तास भाषण करायचं म्हटलं तर गावाला पाणी मिळायचं नाही. कायद्यात सर्वसाधारण सभेचं काम म्हणजे काय ते लिहिलंय, १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात कलम ८१, सभा दोन महिन्यांतून एकदा तरी झालीच पाहिजे, नोटीस पूर्ण सात दिवस आधी, खास सभा असेल तर तीन दिवस. आणि गंमत म्हणजे त्याच कलमात पाहुण्यांचं स्वागत, मानपत्र आणि दुखवट्याचा ठराव हे पण सभेचं काम म्हणून नावानिशी धरलंय. त्यामुळं आमच्याकडं सभेचा पहिला पाऊण तास अभिनंदन आणि श्रद्धांजलीतच जायचा, ते बेकायदेशीर आहे असं कुणी म्हणू शकत नाही! उरलेल्या वेळात विषय. विषय संपत आले की शेवटची ओळ, मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. खरी गडबड त्या ओळीत असते, पण तो वेगळा विषय आहे, त्यावर लिहायचं तर वेगळं पत्र लागेल.

माझं म्हणणं साधं आहे. ३८ विषय किती वेळात मंजूर झाले हे तुम्ही छापलंत, पण दोन महिन्यांपूर्वीच्या सभेत जे मंजूर झाले होते त्यांचं काय झालं हे तुम्ही विचारलं नाही, नगरसेवकांनी विचारलं नाही, आणि अजेंड्यावर तर तो प्रश्न नसतोच. विषय क्रमांक एक सगळ्या नगरपरिषदांत ठरलेला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. त्याच्यानंतर दोन नंबरला डायरेक्ट जमाखर्च नाहीतर रस्ता. मधे एक विषय पाहिजे, मागील ठरावांच्या अंमलबजावणीचा अहवाल. एवढा एकच विषय अजेंड्यावर आणा म्हणून हे पत्र लिहितेय.

आता विषय क्रमांक एक म्हणजे काय असतं ते सांगते, कारण बऱ्याच नव्या नगरसेवकांनासुद्धा ते माहीत नसतं. नियमानं मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवायचं, कुणाची दुरुस्ती असेल तर ती घ्यायची आणि मग अध्यक्षांनी सही करायची. प्रत्यक्षात मी उभी राहायचे, "मागील सभेचे इतिवृत्त..." एवढंच म्हणायचे, की मागून दोन-चार आवाज यायचे, वाचलेलं धरा, वाचलेलं धरा. झालं कायम. आठ-दहा सेकंद. अकरा वर्षांत पूर्ण वाचून दाखवा असं मला एकदाच सांगितलं गेलं, ते पण एका बाईंनी, पहिल्याच टर्मच्या होत्या, आणि मी वाचायला लागले तर सभागृहात निम्म्या लोकांनी मोबाईल काढले आणि निम्मे बाहेर गेले. त्या बाई मात्र शेवटपर्यंत ऐकत होत्या आणि शेवटी म्हणाल्या, ताई, मी तर असं बोललेच नव्हते.

खरंच बोलल्या नव्हत्या. इथं माझी चूक सांगायला पाहिजे. सभेत त्या पाणीपट्टीवर पाच मिनिटं बोलल्या होत्या, की वाढ करताय तर आधी ज्या भागात दिवसाआड पाणी येतं तिथं वाढ करू नका. मी लिहिलं होतं, "सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर." ही ओळ मी अकरा वर्षांत किती वेळा लिहिली असेल त्याचा हिशोब नाही, हाताला वळणच पडलं होतं, झोपेत पण लिहिली असती. जी चर्चा झाली ती पण सविस्तर आणि जी झालीच नाही ती पण सविस्तर. विरोध केला असेल आणि विरोध नोंदवा असं स्पष्ट म्हटलं असेल तर नोंदवायचे, नाहीतर सगळं सर्वानुमते. म्हणून नव्या नगरसेवकांना माझं सांगणं आहे की नुसतं ओरडू नका, माझा विरोध नोंदवा हे तीन शब्द म्हणा, आणि पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून घ्या. पुण्याच्या नगरपालिकेत १८७६ पासून महात्मा फुले सभासद होते, व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करायचा विषय आला तेव्हा त्यांनी एकट्यानं विरोध केला, बाकी सगळे बाजूनं. हजार रुपये मंजूर झाले ते झालेच. पण त्या सभेतल्या बाकीच्यांपैकी कोण काय म्हणालं ते आज कुणाला सांगता येतंय का बघा, फुल्यांचा नकार तेवढा सगळ्यांना माहीत आहे.

प्रोसिडिंग बुक नावाची जी वस्तू असते ती पण बऱ्याच जणांनी पाहिलेली नसेल. जाड पुठ्ठ्याचं, पानांवर छापील नंबर, पहिल्या पानावर एकूण पानांचा दाखला आणि त्यावर मुख्याधिकारी साहेबांची सही. नंबर असतात ते पान फाडता येऊ नये म्हणून. पण पान फाडायची गरजच पडत नाही. एका ठरावाच्या आणि पुढच्या ठरावाच्या मधे चार-सहा ओळी मोकळ्या सोडल्या की झालं, नंतर हवं ते बसतं. मला पहिल्या महिन्यात माझ्या सीनियरनी हेच शिकवलं होतं, "जागा सोडत जा गं, आपल्याला कुठं सगळं आत्ताच माहीत असतं." नंतर टाईप करून पानं चिकटवायची पद्धत आली, मग तर काय. मी जागा सोडणं बंद केलं तेव्हा माझ्यावर बरीच नाराजी झाली होती, ती कशी आणि कुणाची ते राहू द्या.

असो. मुद्दा अंमलबजावणीचा होता. एकाच ठरावाची गोष्ट सांगते, साधी आहे, त्यात कोटींचा घोटाळा वगैरे काही नाही, म्हणूनच सांगते.

एका शाळेच्या कोपऱ्यावर गटाराच्या चेंबरचं झाकण तुटलं होतं. त्या वॉर्डच्या नगरसेवकानं विषय दिला, अजेंड्यावर आला, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर. टाळ्या नाही पण माना हलल्या. त्यानं शाळेत जाऊन सांगितलं, झालं तुमचं काम. पुढच्या पावसाळ्यात परत विषय आला, तोच, शब्द पण तेच, परत मंजूर. मग तिसऱ्यांदा, तिसऱ्या वेळी तर एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले की या विषयाला सभागृहाचा कायमच पाठिंबा राहिला आहे. तीन ठराव आणि चेंबर उघडंच.

का, तर ठराव झाला म्हणजे काम सुरू झालं असं नसतं. ठरावाची प्रत सभेच्या टेबलावरून बांधकाम विभागाकडं जावी लागते. तिथं इंजिनियर जागेवर जाऊन इस्टिमेट करतो, त्याला तांत्रिक मान्यता, मग कुठल्या हेडमधून पैसे ते लेखा विभाग बघतो, तरतूद असेल तर प्रशासकीय मान्यता, मग कोटेशन किंवा टेंडर, मग वर्क ऑर्डर, मग काम, मग मोजमाप, मग बिल. रस्ता असो नाहीतर चेंबरचं झाकण, वाट हीच. आणि पहिलाच टप्पा कुठं अडला होता माहितीय? माझ्या ड्रॉवरमध्ये. आमच्याकडं रीत अशी होती की इतिवृत्तावर अध्यक्षांची सही झाल्याशिवाय ठरावाच्या प्रती बाहेर जायच्या नाहीत, आणि सही व्हायची पुढच्या सभेत विषय क्रमांक एकला. म्हणजे दोन महिने तिथंच गेले. पुढची सभा लांबली की तीन. तोपर्यंत मार्च येतो, मार्च आला की पैसे दुसरीकडं वळतात, एप्रिलमध्ये नवीन बजेट, त्यात ह्या कामाचं नाव नाही कारण बांधकामवाल्यांकडं प्रतच पोचली नव्हती बजेट बनवताना. पहिल्या वर्षी हे असं झालं. दुसऱ्या वर्षी प्रत वेळेत गेली, मी स्वतः नेऊन दिली, तर इंजिनियरचं पद रिकामं, शेजारच्या नगरपरिषदेच्या इंजिनियरकडं ॲडिशनल चार्ज, तो आठवड्यातून दोन दिवस यायचा आणि त्या दोन दिवसांत मोठ्या रस्त्याची बिलं बघायचा, झाकण कोण बघतंय. तिसऱ्या वर्षी इस्टिमेट पण झालं, पण तेव्हा मुदत संपून बॉडीच, म्हणजे निवडून आलेलं सभागृहच, गेलं.

ह्यात चोर कुणी नाही बघा, आणि म्हणूनच कुणाला पकडता येत नाही. नगरसेवकाला विचारलं तर तो खरंच म्हणेल मी तीनदा ठराव केला. साहेबांना विचारलं तर ते खरंच म्हणतील माझ्याकडं फाईल आलीच नाही. आणि मी पण खरंच म्हणेन की सही नव्हती. एखादा ठराव बेकायदेशीर वाटला तर विरोधक त्याच नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली कलेक्टरकडं धावतात, कलेक्टर स्थगिती देतात, त्याची मोठी बातमी होते. पण जो ठराव कुणीच थांबवला नाही आणि तरी थांबला, त्याची तक्रार कुठल्या कलमाखाली करायची? त्याची बातमी पण होत नाही कारण त्यात घडलेलं काहीच नसतं.

मग आला प्रशासक. २०१६ च्या शेवटी ज्या बॉड्या निवडून आल्या त्यांची मुदत पाच वर्षांनी संपली आणि त्यानंतर निवडणूकच नाही, ओबीसी आरक्षणाचं प्रकरण कोर्टात, प्रभागरचना एकदा ही एकदा ती, होता होता सुप्रीम कोर्टानं ६ मे २०२५ ला चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं आणि तरी मतदानाला २ डिसेंबर उजाडला, काही ठिकाणी २० डिसेंबर, मोजणी २१ ला. राज्यघटनेत लिहिलंय की मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे, ७४ व्या दुरुस्तीनं आलंय ते, १ जून १९९३ पासून लागू आहे. तर ह्या मधल्या काळात आमच्याकडं मुख्याधिकारी साहेबच प्रशासक होते. सभा नाही, पण ठराव लागतातच, मग प्रशासकीय ठराव. मुख्याधिकारी म्हणून साहेबांनी टिपणी ठेवायची की सदर काम करणे आवश्यक आहे, आणि प्रशासक म्हणून त्याच साहेबांनी खाली लिहायचं मंजूर. सूचक, अनुमोदक हे शब्द मी सवयीनं टाईप करून ठेवायचे आणि मग खोडायचे. पहिल्यांदा मला हसू आलं होतं, नंतर नाही आलं. कामं वेगानं झाली असं लोक म्हणतात, झाली पण असतील, काही चांगली पण झाली. फक्त सभागृहाला कुलूप होतं आणि गॅलरीतल्या प्लास्टिकच्या खुर्च्या कुठल्यातरी शिबिराला गेल्या त्या परत आल्या नाहीत.

२०२५ च्या त्या डिसेंबरमध्ये २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींत नवी माणसं आली. बरीचशी पहिल्यांदाच आलेली, तरुण आहेत, मोबाईलवर सगळं करणारी आहेत. उपाध्यक्ष झाले, विषय समित्या झाल्या, सत्कार तर अजून चालूच आहेत. आणि अजेंडा बघितला तर तोच, विषय क्रमांक एक इतिवृत्त, विषय क्रमांक दोन जमाखर्च. प्रशासकाच्या काळात जे ठराव झाले त्यांची यादी मागा की कुणीतरी! तुम्ही नसताना तुमच्या नावानं सभागृहाचे अधिकार वापरून काय काय मंजूर झालं, त्यातलं किती झालं, किती अर्धवट आहे, कशाचं बिल निघालंय, हे पहिल्या सभेत विचारायचं नाही तर कधी? मी दोन-तीन गावांतल्या ओळखीच्या नगरसेवकांना हे सुचवलं, एकजण म्हणाला मॅडम आधी आमचे विषय तरी मंजूर होऊ द्या.

मंजूर झालेल्या ठरावाचं काय होऊ शकतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण महाराष्ट्रातल्या एका छोट्या नगरपालिकेचंच आहे, आणि आपण दरवर्षी २० मार्चला ते साजरं करतो पण या बाजूनं बघत नाही. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला की सरकारी पैशातून बांधलेले, चालवलेले पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने सगळ्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनं त्याला धरून १९२४ मध्ये ठराव केला, चवदार तळं अस्पृश्यांना खुलं. कागदावर खुलं. नगरपालिकेच्या दप्तरात ठराव आहे, आणि तळ्यावर कुणी जाऊ शकत नाही, असं तीन वर्षं. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो माणसं घेऊन गेले आणि पाणी प्यायले, म्हणजे खरं तर नगरपालिकेनंच जे मंजूर केलं होतं त्याची अंमलबजावणी लोकांनी स्वतः केली, आणि त्याबद्दल मार खाल्ला. मग त्याच नगरपालिकेनं ४ ऑगस्ट १९२७ ला तो ठराव रद्द केला, तारीख बघा, बोले ठरावाला बरोबर चार वर्षं त्या दिवशी. पुढं कोर्टकचेरी होऊन हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. माझ्या चेंबरच्या झाकणाची याच्याशी बरोबरी करायची नाही मला, कुठं ते आणि कुठं हे. पण सभेचं टेबल सांभाळणाऱ्या बाईला यातलं एक वेगळंच दिसतं. ठराव तीन वर्षं नुसता वहीत होता तोपर्यंत कुणाला त्रास नव्हता. कुणीतरी त्याप्रमाणं वागून दाखवलं तेव्हा कुठं सगळ्यांना वाचावासा वाटला.

बरं, अहवाल ठेवा म्हटलं की ऑफिसवाले काय म्हणणार ते मला माहीत आहे, मी पण तेच म्हटलं असतं, आधीच माणसं कमी, त्यात हे वाढीव काम. वाढीव काही नाही. एक रजिस्टर, ठराव नंबर, तारीख, प्रत कुठल्या विभागाला कधी दिली, आज फाईल कुणाच्या टेबलावर आहे, काम झालं का. एवढंच. मी शेवटची दोन वर्षं माझ्यापुरतं असं रजिस्टर ठेवलं होतं, शाळेच्या दुरेघी वहीत, रोज पाच मिनिटं जायची. त्याचा पहिला फायदा मलाच झाला, कुणी येऊन ओरडलं की वही काढून दाखवायची, हे बघा, बारा तारखेला बांधकामला दिलं, ही त्यांची सही. ओरडणारा माणूस वही घेऊन सरळ बांधकामला जायचा. बांधकामवाले माझ्याशी चार महिने बोलत नव्हते पण फाईली हलायला लागल्या. रिटायर होताना ती वही मी चार्ज यादीत लावून दिली, पुढच्या माणसानं विचारलं की हे कुठल्या नियमात आहे, मी म्हटलं कुठल्याच नाही, तेव्हा त्यानं ती यादीतून काढली.

आणि लोकांनी पण नुसतं ग्रुपवर लिहू नये. सभा लोकांसाठी खुली असते, कायद्यानंच, बहुमतानं ठराव करून एखादा विषय बंद दाराआड घेतला तर गोष्ट वेगळी. बोलता येत नाही पण बसता येतं. अकरा वर्षांत आमच्या गॅलरीत सभेला नियमित येणारे दोन माणसं होती, एक रिटायर पोस्टमन आणि एक ज्यांची कोर्टात केस चालू होती ते. बाकी गर्दी व्हायची ती फक्त चतुर्थ वार्षिक आकारणीच्या वेळी, चार वर्षांतून एकदा घरपट्टीची यादी नव्यानं होते तेव्हा, कारण नोटीस घरी आलेली असते. तेव्हा सगळे विचारतात हे कधी ठरलं, कुणी ठरवलं. अहो, आठ महिन्यांपूर्वी विषय क्रमांक चौदाला ठरलं, एजन्सी नेमायचा ठराव झाला तेव्हा गॅलरीत पोस्टमनकाका एकटे बसले होते.

सभेला जायला जमत नाही तर सोमवारी जा. सरकारनं २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये परिपत्रक काढलंय की जिल्हास्तरावरच्या ऑफिसांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना कागदपत्रं बघता येतील, माहिती अधिकाराचा अर्ज न करता. सोमवारी सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. किती जणांना माहिती आहे? आमच्या ऑफिसात त्याचा बोर्ड लागला होता, जिन्याखाली, सायकली लावतात तिथं. एखादा आलाच तर आमच्यातलाच कुणीतरी म्हणायचा साहेब मीटिंगला गेलेत पुढच्या सोमवारी या. तरी जा, दोनदा-तीनदा गेलात की काढून देतात, कंटाळून देतात. नाहीच दिलं तर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा, झेरॉक्सला पानाला २ रुपये. प्रोसिडिंग बुक काही गुप्त नसतं. माहिती अधिकाराच्या कायद्यात कलम ४ मध्येच आहे की सभा लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त लोकांना बघायला मिळतं का, हे ऑफिसनं स्वतःहून जाहीर करायचंय, तो कायदा २००५ पासून आहे. बऱ्याच नगरपरिषदांच्या वेबसाईटवर इतिवृत्त असा टॅब असतो पण, दाबून बघा, दोन-तीन वर्षांपूर्वीचं एक वाकडं स्कॅन केलेलं पीडीएफ उघडलं तर नशीब.

तुम्हाला एक विनंती. तुमचा बातमीदार सभेला जातो, बातमी देतो, गोंधळ झाला तर चार कॉलम, नाही झाला तर कोपऱ्यात. त्या कोपऱ्यातच एक चौकट द्या, मागच्या सभेतल्या पाच ठरावांची आजची स्थिती, बस. मुख्याधिकाऱ्यांना फोन केला की ते सांगतील, नाही सांगितलं तर माहिती मिळाली नाही असं छापा. दोन सभा असं छापून आलं ना की तिसऱ्या सभेच्या अजेंड्यावर विषय क्रमांक दोन आपोआप येतो की नाही बघा, मी ओळखते या लोकांना, मी त्यांच्यातलीच आहे.

आपली,
एक निवृत्त सभा लिपिक

ता.क. पत्र लिहून झाल्यावर काल संध्याकाळी मुद्दाम त्या शाळेच्या कोपऱ्यावरून गेले. चेंबरमध्ये कुणीतरी बाभळीची फांदी उभी केलीय आणि तिला लाल फडकं बांधलंय. फडकं नवीन दिसतंय, म्हणजे कुणीतरी ते मधून मधून बदलतं. जवळ शाळेचे शिपाईमामा उभे होते, त्यांना विचारलं तर म्हणाले, हो, मीच बदलतो, उन्हानं रंग उडतो ना.